मजकूर अस्पष्ट

अप्पा, तुम्ही म्हणायचात, जिल्हा होऊ द्या, मग बघा. जेवताना म्हणायचात, एसटीच्या रांगेत म्हणायचात, एखाद्या आजाऱ्याला भेटायला गेलो तर तिथंही म्हणायचात. जिल्हा झाला आणि आम्ही बघितलं. रस्ते रुंद झाले, कॉलेजं झाली, बाहेरगावची पोरं शिकायला येऊन राहायला लागली, आणि एका उन्हाळ्यात ह्याच लातुराला प्यायचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं. त्या दिवसांत टँकरच्या रांगेत उभी राहून मी तुमच्यावर चिडत होते. मेलेल्या माणसावर चिडून काय मिळतं, असं धाकटी बहीण म्हणते. काही मिळत नाही. तरी इतकी वर्षं मी चिडूनच आहे, आणि खरं कारण पाणी नाही. कारण एक उर्दू कागद आहे. तो फक्त तुम्हाला आणि मला माहीत होता. आता तो बाहेरच्या माणसांपर्यंत पोचलाय, म्हणून लिहायला बसले.

तुमची गोष्ट तुम्हालाच काय सांगायची, पण मला ती एकदा सलग मांडून बघायची आहे. उमरीच्या घरात मराठी आणि नांदेडच्या शाळेत उर्दू, असं तुमचं शिक्षण. कचेरीत चिकटलात तेव्हा निजामाचं राज्य संपत आलेलं. मग तुम्ही हैद्राबाद राज्याचे नोकर झालात, मग मुंबईचे, मग महाराष्ट्राचे. वरची राज्यं बदलत गेली, खुर्ची तीच राहिली. आता मराठीत लिहायचं, असं ठरलं तेव्हा तुमच्या बरोबरीचे काहीजण घरी बसले. तुम्ही पाटी विकत आणलीत आणि मिशा फुटलेल्या वयात अक्षर घटवलंत. ही हकीकत तुम्ही इतक्या वेळा सांगितलीत, पण कंटाळा कधी आला नाही, कारण सांगताना तुमचा चेहरा उजळायचा. "भाषणानं देश होत न्हाई, बाई. नोंदीनं होतो. आजवर आपल्या मानसाचं नाव कुनी नीट लिहिलंच नव्हतं. आता आपन लिहून राहिलो." मी ते खरं मानलं. आजही खरं मानते, आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

बहात्तरचा दुष्काळ. तुमची बदली तालुक्याच्या गावी झालेली आहे आणि आपण एका खोलीत राहतो. मी दहा-अकरा वर्षांची. आई रेशनच्या लाल मिलोच्या, त्या परदेशी ज्वारीच्या, भाकरी थापते आहे. त्या पिठाला चिकटपणा नाही, भाकर तव्यावर जाण्याआधीच तुटते, आणि आई दर भाकरीला त्या मिलो पाठवणाऱ्या देशाचा उद्धार करते. तुम्ही येता. चपलांपासून भुवयांपर्यंत पांढरी माती. हातपाय न धुताच काटवटीजवळ बसता आणि म्हणता, "आज तलावाचं काम चालू झालं. आठ दिवसांत चालू केलं. सगळं गाव कुदळी घिऊन आलं, बायापोरी सगट." आई विचारते, "जमीन कुनाची हाय?" तुम्ही म्हणता, "सरकारची. गायरान हाय." आई तव्यावरून नजर न उचलता म्हणते, "गावात रिकामी जमीन कधी आसती का? कुनाची तरी आसतीच." तुम्ही हसता. शेतकऱ्याची लेक म्हणून तिची थट्टा करता. मग उरलेल्या पिठात बोटानं मला अलिफ काढून दाखवता, बे काढून दाखवता. आई ओरडते, "अन्नात कसली अक्षरं काढता?" तुम्ही म्हणता, "हे वाचनारं आता कुनी उरनार न्हाई. घरात एकाला तरी येऊ दे." असं त्या दुष्काळात, रोज थोडं थोडं, मला उर्दू आलं. इतका आनंदी माणूस मी त्यानंतर पुन्हा बघितला नाही, अप्पा. लोक उपाशी होते आणि तुम्ही त्यांना काम दिलं होतं, कामातून पाणी येणार होतं, आणि पाण्यातून पुढचा दुष्काळ टळणार होता. एका कारकुनाला याहून जास्त काय पाहिजे?

दहा वर्षांनी जिल्हा झाला. स्वातंत्र्यदिनाच्या सकाळी तुम्ही मला इस्त्रीचं पातळ नेसायला लावून झेंड्याला घेऊन गेलात आणि परतताना ओळखीच्या-बिनओळखीच्या सगळ्यांना पेढे वाटलेत. मला कचेरीत टायपिस्टची तात्पुरती जागा मिळाली. तुम्हाला वर्षभरात निवृत्त व्हायचं होतं, पण जुन्या जिल्ह्याकडून ट्रकनं कागदांचे बस्ते येत होते, लाल फडक्यात बांधलेले, आणि त्यातले निम्मे उर्दूत. कुठलं गाव इकडे, कुठलं तिकडे, हे लावणारा माणूस एकच होता. म्हणून नव्या कचेरीनं तुम्हाला मागून घेतलं. खुर्च्या आल्या नव्हत्या. तुम्ही सतरंजीवर बसून बस्ते सोडायचात, मी दोन खोक्यांवर मशीन ठेवून टाइप करायची. धुळीनं दोघांना शिंका यायच्या. कुणी आपल्या शेताचा जुना कागद मागायला आलं की तुम्ही उर्दू वाचून मराठीत सांगायचात, तुमच्या भाषेत 'तर्जुमा', तो मी टाइप करायची आणि साहेब न वाचता सही करायचे. खेड्यातली माणसं तुमच्या पाया पडायची. तुम्ही पाय मागे घ्यायचात. मला फार अभिमान वाटायचा, हेही इथं लिहून ठेवते.

ती बाई आली तेव्हा पावसाळा संपला होता. निलंग्याहून एसटी बदलून पलीकडच्या एका खेड्यातून आली होती. चाळिशीची असेल. पांढरं धुवट लुगडं, हातात पिशवी, पिशवीत बाबासाहेबांचा एक फोटो आणि कचेऱ्यांच्या चिठ्ठ्या. पहिली खुर्ची त्याच आठवड्यात आली होती; तुम्ही ती तिला दिलीत आणि स्वतःच्या कपातला चहा बशीत ओतून तिच्यापुढं केलात. हे मी मुद्दाम आठवते. तुम्ही तिला दारात उभं केलं असतं तर माझा राग सोपा झाला असता.

ती म्हणाली, "साहेब, आमची जमीन तळ्यात गेली. दुष्काळात तळं खांदलं न्हवं का, त्यात. ज्याच्या जमिनी गेल्या त्यास्नी बदली जमीन दिली. आमास्नी म्हनले, ते गायरान हुतं, तुमचं न्हवतंच. पर ते आमचं हाय. मालकाच्या आज्ज्याला निजामानं दिल्यालं, गावाची चाकरी करायचा म्हनून. कागद हाय म्हनत्यात तुमच्यात." मग जरा थांबून म्हणाली, "आन साहेब, म्याबी तितंच काम केलं. आमच्याच रानात आमीच खड्डा खांदला. प्वाटाला मिळालं, खोटं कशाला बोलू. पर रान आमचं हुतं."

तुम्ही गावाचं नाव विचारलंत. तिनं सांगितलं. तुम्ही उठून थेट कोपऱ्यातल्या एका बस्त्यापाशी गेलात. एरवी एक कागद शोधायला आपल्याला अर्धा दिवस लागायचा. त्या दिवशी काही क्षणांत कागद तुमच्या हातात होता. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं, की बस्ते लावताना तो तुम्ही आधीच बघून ठेवला होता. तुम्ही तो उजेडाकडे धरून वाचलात. मी शाईची रिबन बदलायला उठले होते, तुमच्या मागं उभी होते, आणि मीही वाचला. कागद पिवळा पडलेला, एका कडेला कसर लागलेली, पण मधली अक्षरं काळी कुळकुळीत. माणसाचं नाव होतं, बापाचं नाव होतं, चतुःसीमा होत्या, आणि खाली 'नस्लन बाद नस्लन', म्हणजे पिढ्यानपिढ्या. मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ ओरडणार होते. माझ्या हयातीतला हा पहिलाच उर्दू कागद, जो मी न अडखळता वाचला.

तुम्ही सतरंजीवर बसलात आणि माझ्याकडे न बघता सांगायला सुरुवात केलीत. "लिही. सदर कागद जीर्ण असून मजकूर अस्पष्ट आहे. सबब तर्जुमा करता येत नाही." माझा हात थांबला. मी म्हणाले, "अप्पा, दिसतंय की." कचेरीत मी तुम्हाला अप्पा म्हणत नसे, पण तोंडातून गेलं. तुम्ही मान वर केलीत. तुमचा असा आवाज मी घरी कधी ऐकला नव्हता. "टायपिस्टनं सांगितलेलं टाइप करावं. वाचायचं काम तिचं न्हाई."

ती बाई माझ्याकडे बघत होती, मग तुमच्याकडे. "तुमालाबी येत न्हाई म्हनल्यावर मग कुनाला येनार, साहेब?" तुम्ही म्हणालात, "बाई, शाई उडाली हाय." तिनं कागद बघायला मागितला. तुम्ही दिलात. तिला अक्षरओळख नव्हती. तिनं कागदावरून हात फिरवला, डोळ्याशी धरला आणि म्हणाली, "काळं तर दिसतंय की." मी टाइप केलं, खाली डाव्या बाजूला माझी आद्याक्षरं टाकली, साहेबांची सही आणली आणि कागद तिच्या हातात दिला. तिनं तो घडी घालून फोटोच्या मागं ठेवला. जाताना तुम्हाला जयभीम केला. तुम्ही हात जोडलेत.

संध्याकाळी गंजगोलाईतून घरी जाताना मी भर बाजारात तुम्हाला अडवलं. मिरच्यांच्या ढिगापाशी उभं राहून तुम्ही सांगितलंत. तलावाच्या कामाआधीचा अहवाल तुमच्याच हातचा होता. खाजगी जमीन घ्यायची तर दोन-दोन वर्षं जातात. सरकारी असेल तर दुसऱ्या दिवशी कुदळ मारता येते. साहेबांनी विचारलं, जमीन कुणाची. गावचा पाटील म्हणाला, गायरान. तुम्ही गायरान लिहिलंत. मी विचारलं, "कागद बघितला नव्हता?" तुम्ही म्हणालात, "न्हाई बघितला." "बघितला असता तर?" "बघितला असता तर काम चालू झालं नसतं. लोक पाला उकडून खाऊन राहिले होते, बाई. तू लहान होतीस." मी म्हणाले, तेव्हाचं सोडा, आज काय झालं होतं? आज तर कुणी पाला खात नव्हतं. तुम्ही म्हणालात, नवा जिल्हा आहे, पहिल्याच वर्षी एक तलाव असा निघाला तर दहा निघतील, सगळीच कामं अडतील. मग दहा पावलं चालून गेल्यावर, आवाज खाली आणून म्हणालात, "आन माझं पेन्शन हाय. तुझं लगीन हाय."

अप्पा, यातलं खरं कारण कुठलं होतं? त्या दिवसापासून मी हेच विचारते आहे. देशासाठी केलं असेल तर मी भांडू शकते. पेन्शनसाठी केलं असेल तर माफ करू शकते, भीती कुणाला वाटत नाही? पण तुम्ही दोन्ही एकात एक गुंडाळून दिलंत, आणि मला ना भांडता आलं ना माफ करता. घाईत चूक झाली ती मी समजू शकते. दुष्काळात मीही कदाचित तेच लिहिलं असतं. पण पोटं भरल्यावर मागं वळून ते नीट करायचं असतं ना? ह्या देशात पहिलं काम सगळे करतात, दुसरं कुणी करत नाही. 'नंतर बघू' म्हणून जे ठेवलं, त्याच्यावर पुढचे मजले चढले. आणि खाली कायम तीच माणसं, ज्यांना आधीही कुणी विचारलं नव्हतं.

तुम्ही निवृत्त झालात. त्या कागदाचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. किल्लारीकडे भूकंप झाला त्याच्या आदल्या वर्षी तुम्ही गेलात. भूकंपानंतर मी तिकडच्या घरांच्या याद्या टाइप केल्या. प्रत्येक घरावर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव घालायला सांगितलं होतं. मी रात्रंदिवस बसून एक नाव चुकू दिलं नाही. जमतं हो अप्पा, मनात आणलं तर सरकारलाही नीट नाव लिहिता येतं. ते टाइप करताना मला त्या बाईची आठवण येत होती आणि मी त्यावर काही करत नव्हते. तो बस्ता माझ्या टेबलापासून एका जिन्याच्या अंतरावर होता. मी तुमच्यावर चिडत होते, पगार घेत होते, बढती घेत होते. शेवटी मीही अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले.

यंदा पावसाळ्यात एक वकीलबाई माझं घर शोधत आली. तिशीतली, त्या बाईची नात. आजी वारली, म्हणाली. त्या टाइप केलेल्या कागदावरच्या आद्याक्षरांतलं नावाचं अक्षर तेवढं धरून निवृत्त बायकांच्या याद्या धुंडाळत आली होती. तिनं दुसरा कागद पुढं ठेवला. मूळ उर्दूची नक्कल काढून तिनं उदगीरच्या एका जुन्या मास्तरांकडून वाचून घेतली होती. एक अक्षर सुटलं नव्हतं. मी चहा टाकायला उठले, तशी ती म्हणाली, "आजी सांगायची, तिथं मशीनवर एक पोरगी होती, तिचा हात मधेच थांबला होता. आजीला लिहिता येत नव्हतं, पण ती म्हणायची, त्या पोरीला वाचता येत होतं." मग सरळ विचारलं, "मावशी, येत होतं का?" मी म्हणाले, "येत होतं."

ती मला तलाव दाखवायला घेऊन गेली. बांध आहे. पाणी नाही. सगळा गाळानं भरलाय, कडेनं वेड्या बाभळी, आणि मधल्या पोटात कुणीतरी सोयाबीन पेरलंय. कुणी, म्हणून विचारलं तर म्हणाली, पाटलाच्या घरचे. गायरान कुणाचंच नसतं, म्हणून ज्याचा ट्रॅक्टर त्याचं. तिथं उभं राहून तिनं मला समजावलं: गायरानची नोंद कागद न बघता केली होती, एवढं सिद्ध झालं तर ती नोंद रद्द होते आणि त्यांच्या नावाची जमीन त्यांना मागता येते. नाहीतर कोर्टात पहिल्यापासून, आणि तेवढं आयुष्य तिच्या वडिलांकडे उरलेलं नाही. ते ऊसतोडीला जाऊन जाऊन कंबरेत वाकलेत. "कागद बघितला नाही हे ती नोंद करणाऱ्याच्याच तोंडून ऐकलेलं माणूस मिळालं पाहिजे," ती म्हणाली. तुम्ही माझे वडील होता, हे तिला माहीत नव्हतं. आडनाव बदललंय ना. मी म्हणाले, "मी जबाब देईन."

मागच्या मंगळवारी चौकशी होती. अधिकारी माझ्या मुलाच्या वयाचा, वागायला चांगला. मी सांगितलं, कागद वाचता येत होता, मला उर्दू येतं, तरी मी अस्पष्ट म्हणून टाइप केलं. त्यानं ते लिहून घेतलं. मला हलकं वाटलं. मग त्यानं फायलीतून तुमचा अहवाल काढला. हातानं लिहिलेला. खाली सही होती, नाव नव्हतं. दुष्काळातलं तुमचं अक्षर, घाईतलंसुद्धा गोल, प्रत्येक शब्दावर सरळ रेघ. त्यानं विचारलं, "मॅडम, तुम्ही ह्याच कचेऱ्यांत इतकी वर्षं होता. हे अक्षर कुणाचं, ओळखता का?" वकीलबाई माझ्याकडे बघत होती, बहुतेक तिच्या आजीनं बघितलं होतं तशीच. मी तो कागद हातात घेतला. आणि म्हणाले, "नाही ओळखत."

वकीलबाई रिक्षापर्यंत सोडायला आली, माझी पिशवी तिनंच धरली. पुढची तारीख पंधरवड्यानं आहे. तेव्हापासून मी हे लिहिते आहे आणि आता वाचून बघते तर तिला जे पाहिजे ते सगळं ह्यात आहे: अहवाल कुणी लिहिला, कागद बघितला नव्हता हे कुणी कुणाला कुठं उभं राहून सांगितलं. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, त्याचं मला काही नाही. पण ज्या एका माणसापर्यंत ते पोचायला पाहिजे ती वकीलबाई चार गल्ल्या पलीकडे राहते, आणि आज सकाळी तिच्या दारावरून जाऊन मी भाजी घेऊन परत आले.